नारिताच्या उतारावरचं गाठोडं

सासूबाई आणि मी मिळून जपानमधलं एक जुनं देवळाचं गाव पाहिलंय, असं सांगितलं की लोक हमखास विचारतात, फोटो कुठे आहेत? फोटो नाहीत. आम्ही हौसेने गेलोच नव्हतो. आम्ही सासऱ्यांना पुण्याला घेऊन चाललो होतो आणि वाटेत वादळ आलं.

सासऱ्यांना, म्हणजे त्यांच्या अस्थींना.

साल दोन हजार सहा. आम्ही तेव्हा अमेरिकेत, सिॲटलजवळच्या बेलव्ह्यूला राहायचो, एकसारख्या घरांच्या रांगेतल्या एका घरात. सासू-सासरे उन्हाळा घालवायला आले होते. सासऱ्यांनी हॉलमधली रिक्लायनर खुर्ची आल्या आल्या काबीज केली. त्यात पाय पसरून ते टीव्हीवर हवामानाचा चॅनल लावून बसायचे. क्रिकेट नाही, बातम्या नाहीत, हवामान. ज्या गावांना आपण जन्मात जाणार नाही तिथे उद्या पाऊस की ऊन, याची त्यांना भारी काळजी. ऑगस्ट संपत आला होता. एका सकाळी सासूबाई चहा घेऊन गेल्या तेव्हा टीव्हीवरच्या बाईच्या मते कुठेतरी स्वच्छ ऊन पडणार होतं, आणि सासरे त्या खुर्चीत बसल्या बसल्या गेलेले होते.

परदेशात माणूस गेला की रडायला फुरसत मिळत नाही. फोन, सह्या, पुन्हा फोन. अंत्यविधी करणाऱ्या कंपनीच्या हॉलमध्ये नवऱ्याने एक बटण दाबलं, तोच अग्नी. परतताना गाडीत सासूबाईंनी विचारलं, "वेचायला कधी जायचं?" अस्थी वेचायला म्हणजे. राख निवली की मुलाने जायचं, हाडं हाताने वेचायची, दूध-पाण्याने धुवायची. तिथे तसं काही नसतं, हे आम्हाला दोघांनाही तेव्हाच कळलं. चार दिवसांनी फोन आला आणि सूट घातलेल्या माणसाने एक चौकोनी, काळा, जड डबा नवऱ्याच्या हातात ठेवला. सासूबाईंनी झाकण उघडून आत पाहिलं. आत पिठासारखी बारीक राख.

"यात हाड कुठाय?" त्या म्हणाल्या.

मशीनमध्ये दळतात, हे मी इंटरनेटवर वाचलं होतं. मी पुढे होऊन झाकण लावलं. एरवी मी बोलून मोकळी होणाऱ्यांतली.

सासऱ्यांनी गणपतीच्या पूजेसाठी पुण्याहून पांढरं धोतर आणलं होतं. सासूबाईंनी ते मधोमध फाडलं, डबा त्यात बांधला आणि वर घट्ट गाठ मारली, हातात धरता येईल अशी. आणि मग घरात जे भांडण झालं ते आमच्या घरातलं सगळ्यांत हळू आवाजातलं आणि सगळ्यांत वाईट भांडण.

आमच्यात अस्थी घरात आणत नाहीत. स्मशानातच झाडाला टांगतात, तिथून थेट नदीवर. जमिनीवर ठेवायच्या नाहीत, छपराखाली न्यायच्या नाहीत. आता बेलव्ह्यूत झाडाला कोण टांगू देणार? आमची घरांची असोसिएशन कुंडी चुकीच्या जागी ठेवली तरी घरी पत्र पाठवायची. शेवटी सासूबाईंनी गॅरेज शोधलं. तिथे सायकल लटकवायचा एक हुक होता.

"बाबांना गॅरेजमध्ये?" नवरा म्हणाला. "आई, त्यांच्या खुर्चीवर ठेवू ना. त्यांच्या जागेवर. गॅरेजमध्ये किती थंडी असते."

"त्यांना आता थंडी वाजत नाही," सासूबाई म्हणाल्या.

बस, एवढंच. नवऱ्याने रिक्लायनर उचलली आणि एकट्याने ढकलत ढकलत स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये नेली. दारात ती अडकली, तर तिरकी करून काढली. हुकाखाली ठेवली. त्या दिवसापासून ऑफिसमधून आला की तो गाडी लावायचा आणि कोट न काढताच त्या खुर्चीत बसायचा. आत मी आणि सासूबाई ताटं घेऊन वाट बघायचो. मायलेकांचं बोलणं "जेवलीस का" आणि "हो" एवढ्यावर आलं होतं.

त्यात आणखी एक. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचं काम अर्धवट लटकलेलं. आत्ता देश सोडला तर परत येता येईल याची हमी देत नाही, असं वकिलाने स्पष्ट सांगितलं. माझा व्हिसा माझ्या नोकरीचा, त्यावरचा शिक्का ताजा. तेव्हा थोरल्या मुलाने अग्नी द्यायचा आणि अस्थी पोचवायच्या सुनेने, असं ठरलं. पुण्यात दीर रजा टाकून बसला होता, आळंदीला विसर्जन करायला.

सिॲटलच्या विमानतळावर नवऱ्याने गाठोडं माझ्या हातात दिलं. सासूबाईंच्या पाया पडला, त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग मला म्हणाला, "बाबांना नीट पोचव गं. बाकी काही नको." मी हो म्हणाले. हो म्हणायला काय लागतं!

विमानात पहिली चकमक झडली. हवाईसुंदरी म्हणाली, हे समोरच्या सीटखाली ठेवा. म्हणजे पायाशी. सासूबाईंना इंग्रजी कळत नव्हतं, पण तिचं बोट पायाकडे गेलेलं दिसलं आणि त्यांनी गाठोडं छातीशी असं आवळलं की ती बाई दोन पावलं मागे गेली. मी कागद काढले, समजावलं, शेवटी वरच्या कप्प्यात जागा मिळाली. टोकियोपर्यंत सासूबाई मान वर करून त्या कप्प्याकडे बघत होत्या.

आम्हाला टोकियोजवळच्या नारिता विमानतळावर विमान बदलून सिंगापूरमार्गे मुंबई गाठायची होती. नारिताला उतरलो आणि कळलं की वादळामुळे पुढची विमानं रद्द. एअरलाइनने सगळ्यांना जवळच्या हॉटेलात टाकलं. आमच्या पासपोर्टात तात्पुरता परवाना चिकटवला: गावात फिरा, पण उद्या संध्याकाळच्या विमानाने जायलाच हवं. ते चुकलं तर काय, असं मी विचारलं. काउंटरवरची मुलगी नुसती हसली. ते हसू मला मुळीच आवडलं नाही.

खोलीत सासूबाईंनी गाठोडं दाराजवळच्या कोटाच्या खुंटीला टांगलं आणि त्या स्वतः खुर्चीत बसून राहिल्या. छपराखाली आहे, आपण एकाच खोलीत आहोत, हे त्यांना सहन होत नव्हतं. सकाळी वादळ गेलेलं, आकाश धुऊन काढल्यासारखं. हॉटेलवाले म्हणाले, खोली सोडा, सामान ठेवून जा, आमची बस देवळाच्या रस्त्यापर्यंत जाते, दुपारी परत आणून विमानतळावर सोडेल.

"चला," सासूबाई म्हणाल्या. "निदान उघड्या आभाळाखाली असतील."

म्हणून आम्ही ते गाव पाहिलं. पाचवारी साडी, त्यावर मुलाचं निळं जाकीट, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज आणि दोन्ही हातांत पांढरं गाठोडं, अशा सासूबाई पुढे. मी पर्स आणि पाण्याची बाटली घेऊन मागे. मी घेते म्हटलं तर, "राहू दे." हात भरून आले असतील हो, तरी "राहू दे".

रस्ता वळणं घेत उतारावरून देवळाकडे जातो. दोन्ही बाजूंना लाकडी दुकानं, काळी पडलेली, वर कौलं, दारांवर कापडी पडदे. दुकानदार वादळात पडलेली पानं आणि काटक्या झाडत होते. लाकडी पिंपांत मुरवलेली लोणची, अख्खे मुळे, वांगी. बांबूच्या टोपल्या. शेगडीवर भाजत असलेले तांदळाचे जाड पापड, त्यांचा खरपूस वास. दुसरी कुठली वेळ असती तर मी प्रत्येक दुकानात घुसले असते. खोटं कशाला बोलू, त्या दिवशीही माझे पाय अडत होते, आणि त्याचा मला राग येत होता. आणि सासूबाईंचाही राग येत होता, कारण त्या कशाकडेच बघत नव्हत्या.

लोक मात्र आमच्याकडे बघत होते. आधी मला वाटलं साडीकडे. मग लक्षात आलं, नजर साडीवरून गाठोड्यावर जात होती आणि खाली वळत होती. एका म्हाताऱ्याने तर झाडू थांबवून चक्क मान झुकवली. आम्ही पुढे जाईपर्यंत त्याने ती वर केली नाही.

"हे असं का करतात?" सासूबाई.

"पद्धत असेल, आई. सगळ्यांनाच वाकतात ते."

एका वळणावर मोठं खानावळीसारखं दुकान होतं. समोरच पाट मांडून माणसं बसलेली आणि पाटावर काळे, लांब, वळवळणारे मासे. एकाने एक उचलला, डोक्यात खिळा मारला आणि सर्रकन सुरी फिरवली. सासूबाई जागच्या जागी थिजल्या. शाकाहारी बाई, हातात नवऱ्याच्या अस्थी, आणि समोर हे. त्यांनी गाठोड्यावर जाकिटाची बाही ओढली, जणू आतल्यांना दिसू नये.

"इथून चल," त्या दातांत बोलल्या. "तुला गाव बघायचंय ना, बघ. पण लवकर बघ."

माझं डोकं फिरलं. "मला गाव बघायचंय? आई, तुम्हीच म्हणालात उघड्या आभाळाखाली."

"आभाळ म्हणाले. बाजार नाही म्हणाले."

पुढचा उतार मी मुद्दाम दहा पावलं मागे राहून उतरले.

रस्ता संपतो तिथे देवळाचं भलंमोठं लाकडी द्वार आहे आणि त्यामागे दगडी पायऱ्या. द्वाराच्या अलीकडे शेवटचं दुकान पापडांचंच होतं आणि त्याला लागून एक पाइनचं झाड, बुटकं, म्हातारं, एका फांदीला खालून लाकडी टेकू दिलेला. सासूबाई झाडाखाली थांबल्या. अस्थी घेऊन देवळात जायचं नाही, हे सांगायची गरज नव्हती.

"तू जाऊन ये. मी थांबते."

"मी थांबते, तुम्ही जा."

"परक्या ठिकाणी मी एकटी? आणि तुझ्या हातात देऊन?"

हे "तुझ्या हातात" मला लागलं. विमानतळावर तुमच्या मुलाने माझ्याच हातात दिलं होतं, असं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात वरून नगारा सुरू झाला. मोठा, छातीत घुमणारा. त्याबरोबर एका सुरात पुष्कळ पुरुषांचं पठण. वाऱ्याबरोबर धूर खाली आला आणि सासूबाईंचा चेहरा बदलला.

"होम आहे," त्या म्हणाल्या. "अगं, हा होमाचा वास आहे. इथे कसा होम?"

तेराव्याला त्यांना होम हवा होता. आमच्या घरात धुराचा अलार्म वाजतो म्हणून गुरुजींनी एका पणतीवर उरकलं होतं. आता त्या वर बघत होत्या. मग त्यांनी गाठोडं वर उचललं आणि पाइनच्या त्या टेकू दिलेल्या फांदीच्या खुंटाला गाठीने अडकवलं. हलवून पाहिलं. घट्ट होतं.

"झाडालाच टांगायच्या असतात," त्या मला नाही, स्वतःलाच म्हणाल्या. "इथे बरोबर आहेत. आपण दर्शन घेऊन लगेच येऊ."

मीही मान डोलावली. झाड, उघडं आभाळ, जमिनीपासून वर. घरातून निघाल्यापासून पहिल्यांदाच सगळं शास्त्राप्रमाणे होतं.

वर गाभाऱ्यात खरंच होम चालू होता. चौकोनी कुंडात समिधा रचलेल्या, ज्वाळा छताकडे झेपावत होत्या, पुजारी तूपच असावं असं काहीतरी पळीने सोडत होता. मागे ज्वाळांनी वेढलेली, हातात तलवार घेतलेली काळी मूर्ती. सासूबाईंनी हात जोडले. मग लोक उठले, रांगेने पुढे गेले आणि आपापल्या पर्सा, पिशव्या पुजाऱ्यांच्या हातात देऊ लागले. पुजारी त्या घेऊन आगीवर धरत, क्षणभर, आणि परत देत. अग्नीचा आशीर्वाद. मी माझी पर्स देऊ की नको या विचारात होते, तेवढ्यात सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "झालं. चल."

खाली आलो. फांदी रिकामी होती.

मी आधी झाडच चुकीचं आहे असं धरून चालले. मग टेकू पाहिला, दुकान पाहिलं. तेच झाड. खाली बघितलं, मागे बघितलं, नालीत बघितलं. सासूबाई काहीच करत नव्हत्या. त्या नुसता हात वर करून तो खुंट चाचपत होत्या.

जपानमध्ये पाकीट पडलं तरी परत मिळतं म्हणतात, पण कचरा? झाडाला लटकलेलं एक पांढरं गाठोडं, सकाळपासून गाव झाडून काढणारी माणसं. वादळाच्या काटक्यांबरोबर कुणी कचऱ्याच्या गाडीत भिरकावलं असेल तर? की पोलिसांनी उचललं, बॉम्ब-बिंब समजून? ते दिवसच तसे होते, बेवारस सामान म्हटलं की लोक लांब पळायचे. "बाबांना नीट पोचव" हे शब्द कानात वाजायला लागले. आता नवऱ्याला फोन करून काय सांगू? तुझ्या बाबांना आम्ही बाजारात विसरलो?

"आत नेलं असेल," सासूबाई एकदम म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "देवळात. त्या पिशव्यांमध्ये. आगीवर धरायला." आणि त्या पायऱ्यांकडे पळत सुटल्या. सत्तरी गाठलेली, गुडघे दुखणारी बाई. "अगं, एकदा दिलाय त्यांना अग्नी! पुन्हा कसा देतील?"

मी त्यांना तिसऱ्या पायरीवर गाठलं. दोघी धापा टाकत होतो. वरून उतरणारी माणसं बाजूला होऊन वाट देत होती. मी पोरांच्या एका घोळक्याला इंग्रजीत विचारलं, त्यांनी हात हलवले. झाडूवाल्याला विचारलं, तो लाजून हसला. बसची वेळ जवळ येत होती. बस चुकली तर विमान, विमान चुकलं तर तो परवाना, आणि अस्थी न घेता तर कुठलंच विमान पकडायचं नव्हतं. मी कुणालाही पकडत होते आणि हातांनी दाखवत होते: चौकोन, वर गाठ, छातीशी धरलेलं.

ज्या बाईला हे सारं शेवटी कळलं, ती झाडाला लागून असलेल्या पापडांच्या दुकानातच उभी होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. चाळिशीची, डोक्याला रुमाल, हातात चिमटा. माझी खूण बघून तिने चिमटा खाली ठेवला, हात जोडले आणि दुकानाच्या आतल्या दाराकडे बोट केलं. आम्ही बूट काढून आत गेलो. गवताच्या चटयांची स्वच्छ खोली, कोपऱ्यात काळ्या लाकडाचा देव्हारा. देव्हाऱ्यात एका म्हाताऱ्या पुरुषाचा फोटो. आणि फोटोशेजारी, जांभळ्या गादीवर, आमचं गाठोडं. पुढे उदबत्ती लावलेली, छोट्या वाटीत भात आणि कपभर चहा, त्यातून अजून वाफ येत होती.

मी भिंतीला टेकून खालीच बसले.

बाजूला एक ठेंगणी म्हातारी गुडघ्यांवर बसली होती. आम्हाला बघून ती उठली आणि तिने सासूबाईंना झाडायला सुरुवात केली. अक्षर कळत नव्हतं, पण म्हातारी रागवायला लागली की ते कळायला भाषा लागत नाही. बोट झाडाकडे, बोट गाठोड्याकडे, पुन्हा झाडाकडे. मघाची बाई दारात आली. ती या म्हातारीची सून असणार, हे तिच्या उभं राहण्यावरूनच मी ओळखलं. मीही तशीच उभी राहते. तिला तोडकंमोडकं इंग्रजी येत होतं. त्यांच्यातही अस्थींचा डबा असाच पांढऱ्या कापडात बांधून छातीशी धरून नेतात, म्हणून बघताक्षणी ओळखलं, हे तिने आधी सांगितलं.

"माझी सासू विचारते," ती मला म्हणाली, आणि तिला ते बोलताना अवघड झालं, "हे आजोबा... तुमच्या घरचे नाहीत का?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. "काय म्हणते ती?"

मला ते वाक्य गिळून टाकता आलं असतं. काहीतरी गोड सांगता आलं असतं. पण म्हातारी सासूबाईंच्या डोळ्यांत बघून उत्तराची वाट बघत होती.

"त्या विचारतायत, हे आपल्या घरचे नव्हते का."

सासूबाईंचा चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा झाला. मग त्या भराभर बोलायला लागल्या. "सांग तिला, आमच्यात घरात आणत नाहीत. टाकून नव्हतं दिलं मी. मानाने ठेवलं होतं. घरात आणलं तर जीव घुटमळतो, माणूस जायला तयार होत नाही. सांग ना."

मी त्या सुनेला सांगितलं. तिने तिच्या सासूला सांगितलं. म्हातारी ऐकत राहिली, तिचा राग उतरला. ती काहीतरी थोडंसं बोलली आणि तिने फोटोतल्या माणसाकडे, तिच्या नवऱ्याकडे, हात केला. सुनेने मला सांगितलं, मी सासूबाईंना.

"त्या म्हणतात, आम्ही आधी पुष्कळ दिवस घरीच ठेवतो. त्यांच्या जागेवर. मग पाठवतो. एवढ्या वर्षांचं घर सोडून जायचं, तर त्यांनाही थोडा वेळ लागतोच, म्हणतात."

सासूबाई खाली बसल्या. पदर तोंडावर घेतला. बेलव्ह्यूत, त्या सकाळी, गरम चहाचा कप हातात असताना रडल्या नव्हत्या. बटण दाबलं तेव्हाही नाही. आता त्या मोठ्याने, पोटातून रडल्या, आणि मधेच एकच गोष्ट म्हणत होत्या: "माझा मुलगा म्हणत होता गं. खुर्चीवर ठेवू म्हणत होता. मीच नाही म्हटलं." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. लग्नानंतर मी त्यांना वाकून नमस्कार सोडून असा हात कधीच लावला नव्हता.

मी घड्याळ बघत होते. बस आता उताराच्या माथ्यावर येऊन थांबली असणार. "आई, निघायला हवं."

"थांब. उदबत्ती संपू दे."

"आई, विमान..."

"बसू दे त्यांना जरा."

ती उदबत्ती किती हळू जळत होती, काय सांगू. राखेचा वाकलेला तुकडा पडायचं नावच घेत नव्हता. मी मनातल्या मनात बसच्या ड्रायव्हरला, एअरलाइनला, त्या परवान्यावरच्या शिक्क्याला शिव्या घालत होते, आणि तरी हललेही नाही. शेवटचा धूर विरला तेव्हा म्हातारीने गाठोडं दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावल्यासारखं वर धरलं आणि सासूबाईंना दिलं. तिच्या सुनेने माझ्या हातात पापडांची पुडी कोंबली. आम्ही धावत सुटलो. चढ होता. अर्ध्यात सासूबाईंना दम लागला आणि त्यांनी न बघताच गाठोडं माझ्याकडे केलं. मी घेतलं. बसचं दार बंद होता होता मी कोपर आत घातलं.

विमानतळावर तपासणी झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "त्याला फोन लाव." मी कार्डाच्या फोनवरून नंबर फिरवला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, पण त्याने पहिल्याच रिंगला उचलला.

"बाबा ठीक आहेत?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"आहेत. माझ्याजवळ आहेत. तू कुठेयस?"

"गॅरेजमध्ये," तो म्हणाला. हुक रिकामा झाला होता, तरी हा तिथेच.

सासूबाईंनी रिसीव्हर घेतला. मला वाटलं, आता त्या झाड, म्हातारी, चहा सगळं सांगतील. पण माफीबिफी मागायची सवय त्यांना कधीच नव्हती. मी कान रिसीव्हरला लावून उभी होते.

"ऐक," त्या म्हणाल्या. "आज बाबा घरात बसले होते. एका बाईच्या घरात, तिच्या नवऱ्याशेजारी. तिने चहा दिला त्यांना." मग घसा खाकरला. "ती खुर्ची आत घे. टीव्हीसमोर, होती तिथे."

पलीकडून फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज, आणि सिमेंटवरून काहीतरी जड ओढल्याचा. ओढत ओढत ते थांबलं, धडकलं, पुन्हा धडकलं. ते दार मला माहीत होतं. सासूबाईंनाही माहीत होतं.

"तिरकी कर रे," त्या रिसीव्हरमध्ये ओरडल्या, आणि आजूबाजूच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "तिरकी केलीस की येतील आत."